‘शी वर्क्स हार्ड’मधलं ‘हार्ड’ विशेषण की क्रियाविशेषण?

क्रियाविशेषण. इथे ‘हार्ड’ हा शब्द ‘ती काम कशी करते?’ याचं उत्तर देतो, म्हणजे तो ‘वर्क्स’ या क्रियापदाला जोडलेला आहे. ‘इट इज हार्ड वर्क’मध्ये ‘वर्क’ नाम आहे. काम कसलं, तर कष्टाचं, म्हणून तिथे तोच शब्द विशेषण. इंग्रजीत शब्दाची जात त्या वाक्यातल्या कामावरून ठरते. क्रियाविशेषणाला शेवटी ‘ली’ हवंच असं धरून ‘शी वर्क्स हार्डली’ मात्र लिहू नका, ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’! आणि क्रियापदानंतर आलेलं प्रत्येक वेळी क्रियाविशेषणच असतं असंही नाही: ‘द ब्रेड फील्स हार्ड’मध्ये कडकपणा पावाचा, म्हणून विशेषण. शंका आली तर क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून पाहा. अर्थ टिकला की विशेषण.