व्हिला पसंत आहे, पण पैसे कोणाच्या हातात द्यायचे?

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाला येत्या सप्टेंबरात 50 वर्षे होतात. आम्ही तिघे भावंडे त्यांना घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावर आठवडाभर समुद्रकाठच्या व्हिलात राहणार आहोत. एकूण 11 जण. एलुंडाचा एक व्हिला शहरातल्या ट्रॅव्हल एजंटाने सुचवला. 13 लाख 40 हजार रुपये, शिवाय 'क्लायमेट टॅक्स' म्हणून 1,155 युरो वेगळे. दीड लाख रुपये टोकन भरून बारा दिवस झाले. नंतर हानियाजवळ आणखी चांगला व्हिला मोठ्या बुकिंग प्लॅटफॉर्मवर 9,800 युरोंत मिळाला. त्या मालकाचे तिथे असे पाच व्हिला आहेत. तो म्हणतो, प्लॅटफॉर्म सोडून थेट घेतलात तर 15 टक्के सूट. निम्मे पैसे आत्ता बँकेतून पाठवा, उरलेले आल्यावर रोख द्या. भाऊ म्हणतो, बँकेत 'गिफ्ट' लिहिले की टॅक्स कापला जात नाही. माझे यजमान म्हणतात, युरोपात कोणतेही बुकिंग 14 दिवसांत रद्द करता येते, तेव्हा एजंटाचेही टोकन परत मिळेल. एजंट मात्र म्हणतो टोकन बुडाले, आणि काही वाद असेल तर तो ग्रीसच्या कोर्टात. आम्ही कोणता व्हिला घ्यावा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, कोणत्या व्हिलाचा समुद्र अधिक निळा हे मी सांगू शकणार नाही. पण दोन्ही प्रस्ताव वाचताना मी एकच गोष्ट बघत होतो : उद्या व्हिलाच्या दाराला कुलूप दिसले, तर तुम्ही कोणाची कॉलर धरू शकता आणि कुठे उभे राहून? त्या हिशेबाने हानियाचा व्हिला घ्या, पण प्लॅटफॉर्मवरूनच, पूर्ण किमतीत, क्रेडिट कार्डाने. एजंटाकडचे टोकन सोडू नका. आता कारणे सांगतो.

आधी एजंट, कारण तिथे पैसे अडकलेत. तुम्ही पाठवलेली पावती मी मोठी करून पाहिली. तिच्यावर छापील लेटरहेड, खाली शिक्का आणि मधे एकच ओळ : 'व्हिला बुकिंग ॲडव्हान्स, नॉन-रिफंडेबल'. व्हिलाचे नाव नाही, मालकाचे नाव नाही, तारखा नाहीत. जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. एजंट तोंडी म्हणतो की 'आम्ही फक्त मध्यस्थ'. भारतीय करार कायद्याचे कलम 230 इथे तुमच्या बाजूने उभे राहते. ज्याच्या वतीने काम करतो त्याचे नाव एजंटाने उघड केलेच नाही, तर तो स्वतःच त्या कराराला बांधील आहे असे कायदा गृहीत धरतो. म्हणजे मालकाचे नाव लपवून कमिशन सांभाळायचे आणि अंगाशी आले की मालकाकडे बोट दाखवायचे, ही दुहेरी सोय त्याला नाही.

टोकनला आपण विसार म्हणतो. विसार बुडतो हे लहानपणापासून ऐकलेले असल्यामुळे लोक मुकाट्याने पैसे सोडून देतात. मात्र करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम त्याच करार कायद्याच्या कलम 74 नुसार फार तर कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात म्हटले आहे की नुकसान झालेच नसेल तर या कलमाखाली भरपाई मागता येत नाही, आणि नुकसान सिद्ध करण्याजोगे असेल तर ते सिद्ध करावे लागते. एजंटाने या बारा दिवसांत ग्रीसला एक युरो तरी पाठवला आहे का? पाठवला असेल तर बँकेचा कागद दाखवेल. तितकी रक्कम आणि थोडाफार सेवाखर्च सोडायची तयारी ठेवा. वाजवी विसार ठेवून घेण्याचा हक्क कायदा नाकारत नाही, आणि माघार तुम्ही घेताय हेही खरे. पाठवला नसेल तर दीड लाख अडवण्याचे कारण त्याने सांगावे.

'वाद ग्रीसच्या कोर्टात' या धमकीकडे दुर्लक्ष करा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे नाशिकला. दोन वर्षांची मुदत आहे. मोबदला 5 लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. एक बारकावा मात्र सांभाळा. 'ही अट अन्यायकारक करार आहे' असे जाहीर करून मागायचे असेल तर तो अधिकार राज्य आयोगाला आहे. म्हणून जिल्ह्यात जाताना सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर भर द्या, आणि पैसे परत मागा.

अनुचित प्रथेचा पुरावा एजंटाने स्वतःच तुमच्या हाती दिलाय. तो 1,155 युरोंचा क्लायमेट टॅक्स. ग्रीसमध्ये असा आकार खरोखर आहे. 2025 पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात व्हिलासाठी तो दिवसाला 15 युरो आहे. पण तो माणशी नसतो, अख्ख्या व्हिलाला असतो. 15 गुणिले 7 रात्री, झाले 105 युरो. एजंटाने त्याला 11 ने गुणले. गणिताची चूक असेल, माणूस आहे. पण ही चूक एक लाख रुपयांच्या वर जाते, आणि अशा चुका गिऱ्हाइकाच्या फायद्याच्या झालेल्या मी अजून पाहिल्या नाहीत.

एजंटाने पाठवलेल्या व्हिलाच्या पीडीएफमध्ये 'खासगी किनारा' असाही शब्द आहे. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा असतो, 2001 च्या कायद्याने त्यावर सगळ्यांचा हक्क आहे. खुर्च्या-छत्र्या लावायला पट्टे भाड्याने देतात तेवढेच. 2023 च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे रहिवासी हातात टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले होते ते याच हक्कासाठी. तेव्हा व्हिलाच्या पायऱ्या थेट वाळूत उतरत असतील, पण त्या वाळूवर शेजारच्या गावातले आजोबाही टॉवेल पसरणार, आणि तुम्ही त्यांना उठवू शकणार नाही.

आता तुमच्या यजमानांचे 14 दिवस. त्यांचे ऐकीव ज्ञान अर्धे बरोबर आहे. ऑनलाइन खरेदीबाबत युरोपीय संघाचा तसा नियम आहे खरा. पण ठरावीक तारखांच्या राहण्याच्या बुकिंगला त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. व्हिला रद्द करता येतो की नाही हे फक्त त्या बुकिंगच्या अटींवर ठरते. आणि तुमचा विसार तर नाशिकमध्ये, रुपयांत, इथल्या दुकानदाराला दिलाय. त्याला युरोपचा नियम लावायचा प्रश्नच येत नाही.

हानियाच्या मालकाकडे वळू. त्याच्या 15 टक्क्यांचे 1,470 युरो होतात, मोह पडण्यासारखी रक्कम आहे. पण त्या बदल्यात तुम्ही काय देताय ते बघा. प्लॅटफॉर्मबाहेर पैसे गेले की प्लॅटफॉर्म हात झटकतो. आपले 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतीय ग्राहकांना नियमितपणे सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू आहेत, म्हणजे आज तुमच्याकडे जाब विचारायला एक धडधाकट कंपनी आहे. थेट व्यवहारात ती जाते. कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेत वाद नोंदवता येतो, साधारण 120 दिवसांच्या आत. बँकेतून थेट परदेशी खात्यात गेलेले पैसे मात्र समोरच्याच्या मर्जीशिवाय परत येत नाहीत. आणि दावा करायचा म्हटले, तर स्थावर मालमत्तेच्या भाड्याचे वाद युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे ती मालमत्ता जिथे आहे तिथल्याच न्यायालयात चालतात. म्हणजे हानियाचा वकील, ग्रीक भाषांतरे आणि तारखांवर तारखा. आपल्याकडच्या तारखांना आपण नावे ठेवतो, निदान त्या मराठीत मिळतात.

रोखीची मागणी तर सरळ बेकायदा आहे. ग्रीसमध्ये धंदेवाइकाने ग्राहकाकडून 500 युरोंहून अधिक रोख घ्यायला मनाई आहे. मालक म्हणेल, मी धंदेवाइक नाही, घर भाड्याने देणारा साधा माणूस. पण तीन किंवा अधिक घरे अशी अल्पकाळ भाड्याने देणाऱ्याला 2024 पासून तिथे व्यवसाय म्हणूनच नोंदणी करावी लागते. याचे पाच व्हिला आहेत. त्याला रोख कशासाठी हवी हे तुम्हीच ओळखा. तुमच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की त्या रकमेची पावती मिळणार नाही.

भावाला माझ्यातर्फे एवढे सांगा की 'गिफ्ट' हा शब्द फॉर्म ए-टूवर, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या बँकेच्या अर्जावर, सही करून लिहायचा असतो. सहल असताना भेट लिहिणे ही खोटी घोषणा होईल, आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय त्यातून साधत काहीच नाही. परदेशी पाठवलेल्या भेटीलाही टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक कापते तो आगाऊ कर, तसाच लागतो, आणि कापलेला टीसीएस हा खर्च नव्हे, रिटर्न भरताना तो वळता होतो. बँकेतून पैसे पाठवायची वेळ आलीच, तर तिघा भावंडांनी आपापल्या पॅनवर, आपापल्या खात्यातून, आपापला वाटा पाठवावा. नुसत्या निवासाची रक्कम वर्षभरात माणशी 10 लाखांच्या आत राहिली तर टीसीएस लागत नाही. यात लपवाछपवी काही नाही, खर्च खरोखर तिघांचा आहे.

बुकिंगचे बटण दाबण्याआधी मालकाला प्लॅटफॉर्मच्याच संदेशातून तीन गोष्टी विचारा, व्हॉट्सॲपवर नको. पहिली, नोंदणी क्रमांक. जमीन घेताना सातबारा बघतो तसे हे समजा. तिथे अल्पकाळ भाड्याच्या घराला 2018 पासून करखात्याकडे नोंदणी करून एएमए क्रमांक घ्यावा लागतो आणि तो जाहिरातीत छापावा लागतो; पर्यटन खात्याचा परवाना असलेल्या व्हिलाला त्याऐवजी दुसरा क्रमांक असतो. दोन्हींपैकी एकही नसेल तर व्हिला कितीही देखणा असो, सोडून द्या. दुसरी, 11 जणांची परवानगी. 'दहा अधिक एक चालेल हो' हे तोंडी आश्वासन दारात टिकत नाही. तिसरी गोष्ट कायद्याची नाही. गाडी उभी राहते तिथून दारापर्यंत आणि दारापासून पाण्यापर्यंत किती पायऱ्या आहेत ते विचारा. क्रीटचा किनारा पुष्कळ ठिकाणी डोंगरउताराचा आहे, आणि ज्यांच्यासाठी सगळे चालले आहे त्यांची वये तुम्ही पत्रात लिहिली आहेत.

व्हिसाचे कोणीच बोललेले नाही म्हणून मी बोलतो. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) निवासाचा पुरावा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे बुकिंग आधी, व्हिसा नंतर. अकरांपैकी एकाचा जरी नाकारला गेला तरी तुमचा बेत बदलणार. म्हणून रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या निकालानंतर पडेल असाच दर निवडा, थोडा महाग पडला तरी. प्रवास विम्याच्या भरवशावर राहू नका. व्हिसा नाकारल्यास पैसे मिळतील असे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले नसेल तर मिळत नाहीत.

पोहोचल्यावर बॅगा उघडण्याआधी सगळ्या खोल्यांचा, पूलचा आणि काचसामानाचा व्हिडिओ काढा. अनामत कार्डावर अडकवून ठेवू द्या, रोख देऊ नका.

एजंटाला आजच हे पत्र पाठवा. ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्ही. भाषा माझी, तारखा तुमच्या :

'आपण अमुक तारखेला आमच्याकडून रु. 1,50,000 घेतले. पावतीवर व्हिलाचे वा त्याच्या मालकाचे नाव नाही. ही रक्कम आपण मालकास पाठवली असल्यास बँकेच्या पुराव्याची प्रत आणि मालकाचे नाव-पत्ता सात दिवसांत द्यावा. 1,155 युरोंच्या कराची आकारणी कोणत्या नियमाने केली तेही कळवावे. आम्ही हे बुकिंग पुढे नेऊ इच्छित नाही. प्रत्यक्ष झालेला आणि कागदाने सिद्ध होणारा खर्च वजा करून उरलेली रक्कम पंधरा दिवसांत आमच्या खात्यात जमा करावी. न केल्यास जिल्हा ग्राहक आयोग, नाशिक येथे तक्रार दाखल करू.'

दरम्यान तो फोन करेल. फोनवर काही ठरवू नका, 'पत्राला पत्राने उत्तर द्या' एवढेच म्हणा. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर मूळ पावती, पीडीएफ आणि स्पीड पोस्टची पोच घेऊन तक्रार ऑनलाइन दाखल करा. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एक नोंद करून ठेवा. माझा अंदाज, तो पंधरावा दिवस उजाडू देणार नाही.