मामांच्या डब्यातली शिशाची चकती: नाणं नव्हे, मुद्रा

मामांच्या नाण्यांच्या डब्यात सापडलेली ही शिशाची चकती कुठल्या राजाचं नाणं, असं तुम्ही फोटो पाठवून विचारलंय. हे नाणं नाही. बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या पत्राला लावलेली ही मुद्रा आहे, आणि तीही राजाची नाही, चर्चच्या अधिकाऱ्याची.

कड नीट बघा. वरून खाली आरपार बारीक भोक गेलंय. कोरी चकती ओततानाच ते ठेवत. घडी केलेलं पत्र दोऱ्यानं बांधायचं, दोरा भोकातून ओवायचा, चकती लोखंडी सांडशीच्या तोंडात धरायची आणि वरून हातोडा हाणायचा. दोन्ही जबड्यांवर अक्षरं उलटी कोरलेली असत. शिसं मऊ, त्यामुळे एका दणक्यात दोन्ही बाजू उठत आणि दोरा आत घट्ट चिमटला जाई. पत्रं बहुतेक नष्ट झाली, शिसं टिकलं. वॉशिंग्टनच्या डम्बर्टन ओक्स संग्रहात अशा सुमारे १७,००० मुद्रा आहेत.

आता मजकूर, तो ग्रीक भाषेत आहे. पुढच्या बाजूवरच्या क्रूसाच्या टोकांना जोडलेली अक्षरं 'कीरिए वोइथी', म्हणजे 'प्रभो, साहाय्य कर'. चार कोपऱ्यांत 'तो सो दूलो', 'तुझ्या सेवकाला'. ही धाटणी ८व्या-९व्या शतकातली. वाक्य मागच्या बाजूला पुरं होतं: 'इओआन्नी खार्तोफिलाकी'. नाव 'इओआन्नी' नाही, 'इओआन्निस' आहे. नावाला आणि हुद्द्याला दोन्हींना चतुर्थी विभक्ती लागलीय. नवखे लोक हमखास इथे अडखळतात.

खार्तोफिलाक्स म्हणजे दप्तर राखणारा, आपल्याकडचा दप्तरदार म्हणा. पण या शब्दावरून त्याला साधा कारकून समजू नका. राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) महाचर्चचा, म्हणजे हागिया सोफियाचा, खार्तोफिलाक्स पुढे पॅट्रिआर्कचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च धर्मगुरूचा, उजवा हात झाला. तो असायचा डीकन, म्हणजे पदानं बिशपहून खालचा, तरी बैठकीत बिशपांच्या वर बसायचा. बिशपांनी तक्रार केली, तेव्हा सम्राट अलेक्सिओस कोम्निनोस (१०८१–१११८) यानं खार्तोफिलाक्सचा मान कायम ठेवला. मला या मुद्रांचं वेड लागलं ते अशा माणसांमुळे. इतिहासात ज्यांचं पानभरही नाव नाही, त्यांची प्रार्थना मात्र तळहातावर मावते.

तुमचा इओआन्निस महाचर्चचाच, असं मात्र लगेच ठरवू नका. गावोगावच्या मोठ्या बिशपांकडेही खार्तोफिलाक्स असत.

एक कळकळीची विनंती. तांब्या-पितळेसारखी ही चिंच किंवा लिंबू लावून घासू नका, आम्लानं अक्षरं जातील. लाकडी कप्प्यातही ठेवू नका. लाकडातून, विशेषतः ओकच्या, आम्लाची वाफ सुटते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. एकदा ती धरली की गेलेलं अक्षर परत येत नाही. हाताळल्यावर हात साबणानं धुवा, शिसं विषारी आहे.

आणि मागची बाजू एका कुशीनं येणाऱ्या तिरक्या उजेडात पुन्हा फोटोत टिपा. 'फिलाकी'च्या खाली, अगदी कडेला, आणखी दोन-तीन अक्षरांच्या रेघा दिसताहेत. तिथे गावाचं नाव असू शकतं.