शंका-समाधान: ब्लँकेटचे फोटो टाकावे का नाही?

प्रश्न: पाळकसाहेब, सलाम. नाताळच्या आधी आमच्या तरुण संघाने स्टेशनबाहेर झोपणाऱ्या लोकांना ब्लँकेट वाटले, थंडी कशी पडते आपल्याकडे तुम्हाला माहितीच आहे. फोटो ग्रुपवर टाकले तर एक काका म्हणे हा सगळा दिखावा आहे, तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने होतं कर्माने नाही, बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्राचा २ रा अध्याय वाचा. दुसरे म्हणे प्रभू येशूच बोलला ना तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. मग खरं कोणाचं? आणि सगळं कृपेनेच होणार असेल तर आम्ही रात्री कुडकुडत कशाला फिरायचं?
– एक युवक, भुसावळ

उत्तर: भाऊ, सलाम. काकांचं चुकलं नाही, फक्त ते एक ओवी आधी थांबले. इफिस २:८-९ मध्ये कृपेने तारण, कर्माने नाही, कोणी आढ्यता बाळगू नये, हे अगदी स्वच्छ लिहिलंय. पण लगेच १० वी ओवी आहे, आपण देवाची हस्तकृती आहोत आणि सत्कर्मं करण्यासाठीच ख्रिस्तात निर्माण झालो. रावेर-यावलच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, घड लागला म्हणून केळीत जीव येत नाही, केळी जिवंत आहे म्हणून घड लागतो, आणि ठिबकचं पाणी काही केळीने स्वतः सोडलेलं नसतं. (घड उतरवला की झाड पण कापतात, ते सोडा, उपमा जास्त ताणू नये.)

कुडकुडत कशाला फिरायचं याचं उत्तर प्रेषित पौल देतो, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १ करिंथ १५:१० मध्ये. म्हणतो मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, आणि त्याच दमात म्हणतो की ते मी नाही, माझ्याबरोबरच्या देवाच्या कृपेने. म्हणजे कृपा मिळाली म्हणून हा माणूस घरी बसला नाही, उलट जास्तच राबला. आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा २ रा अध्याय तर जणू तुमच्या ब्लँकेटवरच लिहिलाय, भाऊ-बहीण उघडे आहेत आणि तुम्ही नुसतं म्हणता सुखाने जा, ऊब घ्या, त्याचा उपयोग काय? हे काकांना पण वाचून दाखवा, पण प्रेमाने.

आता फोटोचं. प्रकाश पडू द्या हे मत्तय ५:१६ आणि उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे मत्तय ६:३, दोन्ही येशूच्या एकाच डोंगरावरच्या प्रवचनातलं. माझ्या मते सगळं अडतं ते लोकांनी बघितल्यावर गौरव कोणाचं करावं यावर, आणि ५:१६ मध्ये ते पित्याचं आहे, तरुण संघाचं नाही.

मी स्वतः यात चुकलोय म्हणून सांगतो. मागे आम्ही भरीत-भाकरी वाटली होती. एका आजीच्या हातात ताट दिलं आणि म्हटलं आजी जरा थांबा, इकडे बघा. पहिल्या फोटोत माझेच डोळे मिटलेले आले म्हणून दुसरा काढला, मग बॅनर दिसत नाही म्हणून तिसरा. आजी तेवढा वेळ ताट छातीशी तसंच धरून उभी, हात थरथरत होता. मग हळूच म्हणाली, "खाऊ का आते?" त्या दिवसापासून वाटताना माझा फोन गाडीतच राहतो.

पण हिशोब द्यायलाच पाहिजे, लोकांनी पैसे दिलेत. दुकानाच्या बिलाचा फोटो टाका, वाटायच्या आधी ब्लँकेटचा गठ्ठा रचून ठेवता ना त्याचा टाका, किती वाटले ते लिहा. झोपलेल्या माणसाचा चेहरा कशाला पाहिजे? आणि यंदा काकांना पण सोबत न्या, रात्री अकराला, गठ्ठे उचलायला माणसं कमीच पडतात.