किती लिटर ऑक्सिजन, ते नंतर. आधी सॅच्युरेशन किती हवं ते लिहून घ्या

प्रश्न : आमच्याकडे केसपेपरवर ‘ओटू (ऑक्सिजन) चालू ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं. धाप लागलेला पेशंट आला की मास्क लावून मिनिटाला ५ लिटर सुरू करायचे, अशी वॉर्डची पद्धत. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) एका आजींचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) त्यावर ९९ झालं, पण त्या गुंगीत जायला लागल्या. असं का होतं?
— अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय

उत्तर : सिस्टर, त्या आजींसाठी ९९ हा आकडाच जास्त होता. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुतेक अत्यवस्थ प्रौढांत सॅच्युरेशन ९४ ते ९८ ठेवायचं, सीओपीडीत मात्र ८८ ते ९२. फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट खेळत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. जादा ऑक्सिजनने त्या सैल पडतात, रक्त तिकडे वळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याऐवजी साठतो. डोकं दुखणं, चेहरा लालसर होणं, हात पुढे धरायला लावले की पंजे फडफडणं आणि मग गुंगी. मॉनिटरवरचा आकडा मात्र झकास. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बाईला सीओपीडी कसला, असंही समजू नका. आयुष्यभर चुलीचा धूर घेतलेला असतो, विचारायला हवं.

अशा रुग्णाला नेझल प्रॉंग्जने (नाकपुड्यांत बसणारी नळी) १ ते २ लिटरवर सुरू करा, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा, मग अर्ध्या-एक लिटरने कमी-जास्त करा. व्हेंच्युरी मास्क (ऑक्सिजनचं प्रमाण ठरलेलं ठेवणारा) मिळाला तर उत्तमच : निळा २४ टक्के (२ लिटर), पांढरा २८ टक्के (४ लिटर). साधा मास्क ५ लिटरच्या खाली कधीच चालवू नका, सोडलेलीच हवा परत आत जाते. म्हणूनच सीओपीडीत तो गैरसोयीचा. नेब्युलायझेशन (वाफाऱ्यातून औषध) हवेच्या मशिनवर द्या. ऑक्सिजनवरच द्यावं लागलं तर ६ मिनिटांत थांबवून पुन्हा प्रॉंग्जवर या.

गुंगी आलीच तर घाबरून ऑक्सिजन एकदम काढू नका. सॅच्युरेशन सुरुवातीपेक्षाही खाली कोसळू शकतं. टप्प्याटप्प्याने ८८ ते ९२ वर आणा, डॉक्टरांना बोलवा आणि बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं मशिन) असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी करा. हार्ट बंद पडलंय, शॉक आहे, मोठा अपघात आहे, तिथे हा हिशेब नंतर : हार्ट बंद असेल तर अंबू बॅग दाबून श्वास द्यायचा, बाकीच्यांना आधी ऑक्सिजनची पिशवी जोडलेला मास्क, १५ लिटर, आणि पिशवी फुगल्यावरच तोंडावर लावायचा.

केसपेपरवर मात्र ‘८८–९२, प्रॉंग्ज, १–२ लिटर’ असं लिहून मागा. ऑक्सिजन हे औषध आहे. डोस न लिहिलेलं इंजेक्शन आपण देतो का?

प्रश्न : रेफर करताना ॲम्ब्युलन्समधला सिलिंडर पुरेल का, हे कसं ओळखायचं?

उत्तर : सिलिंडरची पाण्याची क्षमता गुणिले गेजवरचा दाब, म्हणजे साधारण शिल्लक लिटर. बी टाइप सिलिंडर १० लिटरचा. दाब १०० किलो असेल तर सुमारे १,००० लिटर. १० लिटरच्या फ्लोवर १०० मिनिटं. त्यातली चौथाई राखीव धरा आणि रस्त्यातला घाट, फाटक, टायर यांचाही विचार करा. वॉशर बसत नाही म्हणून तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नका, आग लागते. फ्लोमीटरमध्ये गोळी असेल तर तिच्या मधोमध रीडिंग घ्या, वरच्या कडेला नव्हे.

प्रश्न : ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन दमट करणाऱ्या) बाटलीत नळाचं पाणी चालेल का?

उत्तर : नाही. निर्जंतुक पाणी, खुणेपर्यंत, रोज बदललेलं. वर भर घालत राहायचं नाही, जुनं ओतून बाटली धुवायची. प्रॉंग्जवर ४ लिटरच्या फ्लोपर्यंत बाटलीत पाणी नसलं तरी मोठ्या माणसांचं सहसा अडत नाही. बुडबुडे येत नसतील तर पेशंटकडे जाण्याआधी बाटलीचं झाकण आवळून पाहा. गळती बहुतेक वेळा तिथेच असते.