अवकाळी पाऊस, ऊन आणि तोडीनंतरचा उशीर यांमुळे साखरेचा उतारा नेमका कसा घटतो?

आपण विचारले आहे की, तोडलेला ऊस वाहन न मिळाल्याने चार-पाच दिवस फडातच पडून राहिला, मध्येच अवकाळी पाऊस झाला, वजन तर घटलेच, पण अशा उसाचा उताराही (म्हणजे उसाच्या वजनामागे हाती येणाऱ्या साखरेची टक्केवारी) घटतो असे कारखान्यातील लोक सांगतात. तर प्रतिकूल परिस्थितीत उसापासून साखर होईपर्यंतच्या रासायनिक आणि जैविक प्रक्रियांमध्ये नक्की काय बिघडते? मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणि नंतर उत्पादन विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. थोडक्यात सांगायचे तर नुकसान दुहेरी असते. काही साखर प्रत्यक्ष नष्ट होते, आणि जी शिल्लक राहते तिच्यातलाही काही भाग पोत्यात न येता मोलॅसिसबरोबर, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या काळ्या पाकाबरोबर, निघून जातो. पहिले नुकसान लोकांना माहीत असते. दुसऱ्याची चर्चा फारशी होत नाही, आणि माझ्या मते खराब हंगामात कारखान्याची दमछाक होते ती या दुसऱ्यामुळेच.

आधी रसायनशास्त्र पाहू. उसातील साखर म्हणजे सुक्रोज. पाण्याचा एक रेणू घेऊन ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटते, आणि एकदा फुटली की कारखान्यात तिची पुन्हा दाणेदार साखर होत नाही. या क्रियेला आम्ही इन्व्हर्जन म्हणतो. तिचा वेग आम्लतेवर आणि तापमानावर अवलंबून असतो. पीएच एक अंकाने खाली गेला की वेग साधारण दहापट होतो. ‘दर दहा अंशांना वेग दुप्पट’ हा शाळेत शिकवला जाणारा ठोकताळा मात्र येथे अपुरा पडतो: नेहमीच्या हवामानाच्या तापमानाला दर 10 अंश सेल्सिअसमागे हा वेग सुमारे चौपट, आणि रस उकळीच्या जवळ असताना अडीचपटीहून थोडा जास्त वाढतो. रासायनिक क्रियेचा वेग काटेकोरपणे मोजण्याचा पहिला प्रयत्न विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये केला, तो नेमका याच क्रियेवर. साखरेच्या द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळतो आणि ती फुटत गेली की तो हळूहळू डावीकडे सरकतो, हे त्याने वापरले. आजही कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पोल’, म्हणजे सुक्रोजचे प्रमाण, काढताना आम्ही त्याच गुणधर्माचा आधार घेतो.

ताज्या उसाच्या रसाचा पीएच साधारण 5.2 ते 5.5 असतो, म्हणजे तो मुळातच किंचित आम्लधर्मी असतो. पण फडात पडलेल्या उसात केवळ आम्ल काम करत नाही. उसाच्या पेशींत इन्व्हर्टेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ऊस उभा आणि पक्व असतो तेव्हा ते आटोक्यात असते; कोयता बसला आणि कांडी वाळू लागली की त्याचा जोर वाढतो. येथे एक फसवी गोष्ट घडते. ऊस वाळल्यामुळे रसातील पाणी कमी होते, म्हणून ब्रिक्स, म्हणजे रसातील एकूण विद्राव्य घटकांचे प्रमाण, वाढलेले दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ऊस गोडच झाला. प्रत्यक्षात त्या ब्रिक्समधील सुक्रोजचा वाटा, ज्याला शुद्धता म्हणतात, तो घसरलेला असतो. शिळ्या उसाची परीक्षा म्हणूनच नुसत्या ब्रिक्सवर करू नये.

आता जैविक बाजू, जी पावसात आणि उशिरात सर्वांत जास्त त्रास देते. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स नावाचा जिवाणू मातीत आणि पाचटावर नेहमीच असतो. तोडलेल्या टोकातून किंवा तडकलेल्या सालीतून तो आत शिरतो, आणि उष्ण, दमट हवा मिळाली की झपाट्याने वाढतो. त्याचे विकर सुक्रोजमधील ग्लुकोज काढून घेते, ते एकापुढे एक जोडून डेक्स्ट्रान नावाची लांबलचक साखळी बनवते, आणि फ्रुक्टोज मोकळे सोडते. शिवाय हा जिवाणू आम्ल तयार करतो, त्याने पीएच आणखी उतरतो आणि इन्व्हर्जनलाही बळ मिळते. पावसात भिजून चार दिवस पडलेल्या कांडीचे टोक चिरून पाहिले तर आतला गर लालसर-तपकिरी झालेला असतो आणि आंबट वास येतो. मिलच्या खालच्या तबकांत, जेथे रस साचतो, तेथे साफसफाई एक पाळी जरी चुकली तरी बोटाला तार येईल असा बुळबुळीत थर आणि त्यात साबुदाण्यासारख्या पारदर्शक गाठी दिसू लागतात. ते डेक्स्ट्रानच. म्हणून गाळप चालू असताना मिलवर ठरावीक वेळाने वाफ आणि गरम पाणी मारणे व जंतुनाशकाची मात्रा देणे ही कामे कोणत्याही कारणाने टाळता येत नाहीत.

जळीत उसाचे नुकसान याच वाटेने होते. आगीने सालीवरचा मेणाचा थर जातो, साल तडकते, आणि उसाची नैसर्गिक राखण संपते. यंत्राने तोडलेल्या उसाचे तुकडे लहान असल्यामुळे उघडी टोके कितीतरी जास्त असतात, म्हणून त्याला मोळीच्या उसाएवढीही सवड नसते. दोन्ही प्रकारचा ऊस शक्यतो 24 तासांच्या आत गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, पडला पाहिजे.

डेक्स्ट्रान थोडे असले तरी त्याचे परिणाम पुढच्या प्रत्येक टप्प्यावर जाणवतात. रस निवळायला वेळ लागतो. सिरप (आटवून घट्ट केलेला रस) चिकट होते, पॅनमध्ये, म्हणजे साखरेचे दाणे पाडण्याच्या भांड्यात, दाणा सावकाश वाढतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नेहमीच्या घट्ट, चौकोनी दाण्यांऐवजी एका दिशेने ताणलेले, सुईसारखे दाणे दिसतात. असे दाणे सेंट्रिफ्यूगल मशीनमध्ये (वेगाने फिरून दाणे आणि पाक वेगळे करणाऱ्या यंत्रात) नीट धुतले जात नाहीत; जास्त पाणी मारावे लागते, आणि त्या पाण्याबरोबर साखरही विरघळून परत जाते. यात भर म्हणजे डेक्स्ट्रान प्रकाशाला सुक्रोजच्या सुमारे तिप्पट उजवीकडे वळवते. त्यामुळे प्रयोगशाळेचे उपकरण जी साखर दाखवते त्यातली काही साखर नसतेच. कागदावर रसात साखर भरपूर आणि पोत्यात कमी, असा फरक दिसला की ‘कारखान्याने साखर कुठे घालवली’ असा संशय घेतला जातो. संशयाची इतर कारणेही असू शकतात, हे मी नाकारत नाही. पण शिळा ऊस हे त्यातले एक खरे कारण आहे.

दुसरे नुकसान आकड्यांत मांडतो. रसाची शुद्धता 85 आणि मोलॅसिसची शुद्धता 32 धरली, तर कारखान्यात नेहमी वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार रसातील 100 किलो सुक्रोजपैकी सुमारे 91.7 किलो साखर हाती येऊ शकते. शिळ्या उसामुळे रसाची शुद्धता 80 वर आली, तर हाच आकडा 88.2 किलोवर येतो. आता चिकटपणामुळे मोलॅसिसमधून साखर पूर्ण काढता आली नाही आणि त्याची शुद्धता 36 राहिली, तर तो 85.9 किलोपर्यंत खाली जातो. लक्षात घ्या की हे 100 किलो म्हणजे फडातील नुकसान होऊन गेल्यानंतर शिल्लक राहिलेली साखर आहे. तिच्यातूनही जवळपास 6 किलो केवळ रसाच्या बिघडलेल्या गुणवत्तेमुळे हातची जाते.

उभ्या उसावरील हवामानाचा परिणाम वेगळा आहे. ऊस पक्व होण्यासाठी कोरडी हवा, स्वच्छ ऊन आणि थंड रात्री लागतात. वाढ थांबते आणि पानांत तयार होणारी साखर कांड्यांत साठते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जोराचा पाऊस झाला की जमिनीतील पाणी आणि नत्र मिळून ऊस पुन्हा वाढीला लागतो, आणि त्या वाढीचा खर्च साठवलेल्या साखरेतून भागवतो. कोल्हापूर-सांगली भागात 2019 आणि 2021 च्या महापुरांत शेंड्यापर्यंत बुडालेला ऊस याहून वाईट अवस्थेत होता: शेंडा कुजला की बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात, कांड्यांवर मुळ्या फुटतात, आणि साखर त्यांत खर्च होते. दुष्काळात उलट घडते. कांड्या आखूड राहतात, तंतूचे प्रमाण वाढते, आणि रसच कमी निघतो.

कारखान्याच्या आतही परिस्थिती अनुकूल ठेवण्याचीच धडपड चालू असते. मिश्र रस 70 ते 75 अंशांपर्यंत तापवतात, त्यात चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन पीएच 7 च्या आसपास आणतात, मग उकळी आणून निवळायला सोडतात. चुना कमी पडला तर साखर फुटते. जास्त झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचे विघटन होऊन रस काळवंडतो. म्हणजे ऊस शिळा असेल तर दोन्ही बाजूंनी अडचण होते, कारण फुटलेली साखर आधीच जास्त असते आणि चुन्याला वाव कमी राहतो. पॅनमध्ये निर्वात स्थिती ठेवून सिरप 60-65 अंशांनाच उकळवतात, तेही साखर उष्णतेने बिघडू नये म्हणून. अशा वेळी मिल बंद पडली, तर निवळण्याच्या टाकीत गरम रस तासन्‌तास अडकून राहतो, त्याचा पीएच उतरतो, रंग चढतो. पावसाने बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला आणि बॉयलरमध्ये जाळला जाणारा चोथा, भिजला तर बॉयलरला वाफ पुरत नाही, आणि वाफेअभावी हीच थांबण्याची वेळ वारंवार येते. चिखल लागलेला ऊस आला की मिलचे रोलर झिजतात आणि गाळणीवर भार पडतो.

मोलॅसिसपासून अल्कोहोल करणाऱ्या आसवनीत उन्हाळा हाच मुख्य शत्रू. यीस्ट 30 ते 33 अंशांत उत्तम काम करते, पण किण्वनातून स्वतःच उष्णता निघत असते, आणि एप्रिल-मेमध्ये कूलिंग टॉवरचे पाणी हवे तेवढे थंड होत नाही. 36 अंशांपुढे यीस्ट मलूल होते, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू जागा घेतात, आणि तेवढ्याच मोलॅसिसमधून अल्कोहोल कमी निघते. मोलॅसिसची टाकीही 40-45 अंशांपुढे तापू देऊ नये. आत आपोआप विघटन सुरू होऊन फेस येतो आणि तापमान आणखी चढते.

पैशांच्या भाषेत पाहायचे तर 2025-26 च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला किमान ऊसदर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवण्यात आली होती, आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्यासाठी 3.46 रुपये, म्हणजे टनाला 34.60 रुपये. हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो. त्यामुळे एका फडातील शिळ्या उसाची झळ ताजा ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यालाही बसते, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते. 2021-22 च्या हंगामात मराठवाड्यातले गाळप जूनपर्यंत लांबले, तेव्हा 1 मे नंतर गाळलेल्या उसासाठी राज्य सरकारला उतारा घटीपोटी टनाला 200 रुपयांचे अनुदान द्यावे लागले होते.

पाऊस आपल्या हातात नाही, परंतु कोयता आणि गव्हाण यांमधले तास बऱ्याच अंशी नियोजनाचा भाग आहेत. म्हणून वाहनाची खात्री झाल्याशिवाय तोड सुरू करू देऊ नका. मुकादमाने कितीही घाई केली तरी उभा ऊस तोडलेल्या उसापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. तोडलेला ऊस अडकलाच तर तो पाण्यात किंवा चिखलात राहणार नाही अशा उंच जागी हलवा, मोळ्या पाचटाने झाका म्हणजे उन्हाने कमी वाळेल, आणि वाहन आल्यावर सर्वांत आधी तोडलेल्या मोळ्याच आधी भरा. वरच्या ताज्या मोळ्या भरून खालच्या पुढच्या खेपेला ठेवण्याची सवय अनेक टोळ्यांना असते, तिकडे स्वतः उभे राहून लक्ष द्यावे लागते.