ओकारिना: बासरी नव्हे आणि बदकही नव्हे

प्रश्न असा आहे: ‘ओकारिना या वाद्याला मराठीत मातीची बासरी म्हणावे का? आणि तो ओकारिना की ती ओकारिना?’

‘मातीची बासरी’ कृपा करून नको. हल्ली कार्यक्रमांच्या पत्रिकांवरही हे छापलेलं दिसतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. बासरीच्या पोटात ‘वंश’ आहे, म्हणजे बांबू. स्टीलची बासरी चालते मग ही का नाही, असं कुणी विचारेल. अहो, तिथे निदान नळी तरी असते! ओकारिना म्हणजे फुंकून वाजवायचं, बंद पोटाचं मातीचं भांडं. माझ्याकडची दहा भोकांची आहे, आठ वर आणि दोन खाली अंगठ्यांसाठी. तिची सारख्या मापाची दोन भोकं घ्या. यातलं कुठलंही एक उघडा, स्वर जवळपास तोच. भोक कुठे आहे याला तिथे फारशी किंमत नाही, एकूण किती उघडं आहे त्याला आहे. बासरीवर हे करून दाखवा.

पुंगीही नको. पुंगीच्या नळ्यांत पत्ती थरथरते, इथे पत्तीच नाही. शिवाय गाजराची पुंगी वाजली नाही तर मोडून खाता येते; भाजलेली माती कोण खाणार?

‘ओकारिना म्हणजे मुळात ओंकारवीणा’ हा फिरता निरोप मला आतापर्यंत चौघांनी पाठवला. तार नाही, तुंबा नाही, वीणा कुठली? नुसत्या ध्वनिसाम्यावरच जायचं तर ‘ओकारी’ जास्त जवळची आहे.

आता खरी गंमत. हे वाद्य आजच्या रूपात घडवलं जुझेप्पे दोनाती याने, इटलीत बोलोन्याजवळच्या बुद्रिओ गावात, 1853 मध्ये. इटालियनमध्ये ‘ओका’ म्हणजे हंस (बदक नव्हे, बदक वेगळं), आणि ओकारिना म्हणजे चिमुकली हंसी. पण लॅटिनमध्ये हंसाला खरा शब्द होता ‘आन्सेर’, आपल्या ‘हंस’चा सख्खा चुलतभाऊ. इटालियनने तो टाकला आणि ‘आविस’ म्हणजे पक्षी, त्याचं लाडकं रूप ‘आविका’, त्याचं ‘आउका’, त्याचं ‘ओका’ अशा वाटेने दुसराच शब्द हंसाला चिकटवला. म्हणजे मूळ अर्थ नुसता ‘पाखरू’! आणि हा ‘आविस’ तरी कोण? संस्कृतात ‘वि’ म्हणजे पक्षी, ‘वयस्’ म्हणजेही पक्षी. घराणं एकच. त्या ‘वयस्’पासून आपल्याकडे झाला ‘वायस’, कावळा. एकाच घरातलं पाखरू इटलीत हंस झालं आणि आपल्याकडे कावळा. फारसीतला ‘मुर्ग’ म्हणजे कुठलाही पक्षी, तो आपल्या ताटात कोंबडी होऊन आला, तसंच हे. आणि ‘ओका’ आधीच लाडातून आलेला, त्याला वर ‘-रिना’ लावून पुन्हा लाड. लाडाचा लाड!

हे नाव का पडलं, यावर कोशकार आकाराकडे बोट दाखवतात. कुणी म्हणतं, फुंकायचं तोंड हंसाच्या चोचीसारखं आहे. मला हे मुळीच पटत नाही. माझी ओकारिना टेबलावर ठेवून मी हे लिहितोय. ते तोंड मधूनच आडवं फुटलेलं आहे. अशी बरगडीतून चोच निघालेला हंस कोशकारांनी कुठे पाहिला? माझं मत असं, की इटलीच्या जत्रांत पक्ष्यांच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या आधीपासून विकल्या जात, पोरं त्या फुंकत. दोनातीने त्या खेळण्याला सुरात आणलं. पाखराचा आकार गेला, पाखराचं नाव राहिलं. कोशात हे सापडणार नाही. कोशकार जत्रेत जात नाहीत.

हां, तो की ती. इटालियनमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे आणि अर्थ हंसी, म्हणून मी ‘ती’ म्हणतो. माझा भाचा ‘तो’ म्हणतो. एका व्हिडिओ गेमच्या नादाने त्याने ती घेतली आणि आता माझ्यापेक्षा बरी वाजवतो. मराठी नावाचं म्हणाल, तर ओकारिनाच म्हणा.