एज ऑफ एम्पायर्स २ : कीबोर्ड शॉर्टकट हाताला कसे बसवावेत?
एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरील खेळात लढाई सुरू होताच बोटे गोंधळतात आणि हात पुन्हा माउसकडेच जातो, अशी अडचण आपण मांडली आहे. माझ्या मते सर्व शॉर्टकट एकदम पाठ करू नयेत. २०१९ च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीत आधी 'एच' आणि 'क्यू' या दोनच कळा घ्याव्यात, कारण पहिलीने टाउन सेंटर (वस्तीची मुख्य इमारत) निवडले जाते, दुसरीने तिथे कामे करणारा गावकरी तयार होऊ लागतो आणि एका गावकऱ्याला साधारण २५ सेकंद लागत असल्याने ही जोडी वारंवार दाबावी लागते. सोप्या पातळीच्या संगणकाविरुद्ध, पडद्यावरील बटणांना माउस न लावता, रोज थोडा वेळ खेळावे. कीबोर्डकडे न पाहता हे जमू लागले, की कंट्रोलसह अंकाची कळ दाबून सैन्याचे गट बांधावेत: धनुर्धारी नेहमी १ वर, घोडेस्वार नेहमी २ वर. मी प्रत्येक डावात हे क्रमांक बदलत असे, त्यामुळे कित्येक महिने बोटांना वळणच लागले नाही.